स्वयंचलित गाडीतले रडार : ठेवायचे की काढायचे?

2021 च्या मे महिन्यात टेस्लाने जाहीर केले की, उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मॉडेल 3 आणि मॉडेल वाय या गाड्यांमध्ये यापुढे रडार नसेल. त्या फक्त कॅमेऱ्यांच्या भरवशावर रस्ता पाहतील. त्याच सुमारास अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये वेमो कंपनीच्या टॅक्सी चालकाविना सामान्य प्रवाशांची ने-आण करत होत्या आणि त्यांच्यावर कॅमेरा, लायडार (लेझरने अंतर मोजणारे यंत्र), रडार असा सगळा सरंजाम होता. दोन्हीकडे उत्तम अभियंते, दोन्हीकडे मुबलक पैसा, पदार्थविज्ञानाचे नियमही दोघांना सारखेच. निष्कर्ष मात्र उलटे.

या वादाभोवती समर्थकांचे तट इतके पक्के झाले आहेत की मूळ प्रश्न त्यात झाकला जातो. तो प्रश्न असा : रडार एक सांगते आणि कॅमेरा दुसरेच सांगतो, तेव्हा गाडीने कोणाचे ऐकायचे? पुढचा सगळा आढावा या एका प्रश्नाच्या अनुषंगाने वाचला तर बरेच काही जागेवर बसते.

रडार गाडीत कसे आले

जर्मन संशोधक क्रिस्टियान ह्युल्समायर याने 1904 मध्ये कोलोन इथे ऱ्हाइन नदीवरच्या पुलावरून एक यंत्र चालवून दाखवले होते. नदीतल्या जहाजावर आदळून परतणाऱ्या रेडिओलहरींवरून ते जहाजाची चाहूल देत असे. पुढे दुसऱ्या महायुद्धाने रडारला मोठे केले. पण ते मोटारीत मावावे आणि मोटारीच्या किमतीत बसावे, यासाठी शतक संपत यावे लागले. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ग्रेहाउंड बसगाड्यांवर टक्कर टाळण्यासाठी रडार बसवण्याचा प्रयोग झाला. जपानमध्ये मित्सुबिशीने 1995 मध्ये पुढच्या गाडीपासूनचे अंतर राखणारी यंत्रणा आणली, ती लेझरवर चालणारी होती. मर्सिडीझने दशकअखेरीस एस-क्लासमध्ये तेच काम 77 गिगाहर्ट्झच्या रडारकडे दिले. म्हणजे प्रकाश की रेडिओलहरी, हा वाद स्वयंचलित गाड्यांच्या आधीपासूनचा आहे.

त्यानंतरची प्रगती बरीचशी चिपची आहे. आधी गॅलियम आर्सेनाइड, मग सिलिकॉन-जर्मेनियम आणि गेल्या दशकात साध्या सीमॉस तंत्राने बनवलेल्या चिप, असा हा प्रवास झाला आणि रडार तळहाताएवढ्या डबीत आले. नियामकांनीही जागा करून दिली. अमेरिकेने 2017 मध्ये 76 ते 81 गिगाहर्ट्झ हा सलग पट्टा वाहनांच्या रडारसाठी मोकळा केला.

दुसऱ्या बाजूला रोबो घडवणाऱ्यांची परंपरा वाढत होती. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा संस्थेने 2004 मध्ये मोहावी वाळवंटात चालकविरहित गाड्यांची शर्यत घेतली. एकही गाडी पोहोचली नाही, सर्वांत पुढे गेलेली जेमतेम 12 किलोमीटर गेली. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅनली’ने सुमारे 212 किलोमीटरचा मार्ग पार केला. 2007 च्या शहरी शर्यतीत छपरावर गरागरा फिरणारे व्हेलोडाइनचे लायडार अनेक संघांनी लावले होते आणि तिथून लायडार हा या क्षेत्राचा नायक झाला. रडार आले ते मोटार कारखान्यांच्या बाजूने, पुढच्या गाडीपासून अंतर राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलचा सुटा भाग म्हणून. प्रयोगशाळांनी त्याला दुय्यम मानले, ते काही अंशी या वेगळ्या कुळामुळे.

रडारला काय दिसते

मोटारीतले रडार सतत लहर सोडते आणि तिची वारंवारिता ठरावीक गतीने चढवत नेते. एखाद्या वस्तूवर आदळून लहर परत येते तेव्हा तिची वारंवारिता त्या क्षणी सुटणाऱ्या लहरीपेक्षा किंचित मागे असते. या फरकावरून अंतर निघते. वस्तू हलत असेल तर डॉप्लर परिणामामुळे तिचा जवळ येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग थेट मोजता येतो. हे रडारचे सर्वांत मोठे बळ आहे. कॅमेऱ्याला वेग समजण्यासाठी लागोपाठच्या चित्रांची तुलना करून अंदाज बांधावा लागतो. रडारला तो पहिल्याच मोजणीत मिळतो.

दुसरे बळ तरंगलांबीचे. 77 गिगाहर्ट्झला ती सुमारे 3.9 मिलिमीटर भरते. धुक्याचे थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतात, म्हणजे या लहरीपुढे नगण्य. लायडारचा अवरक्त प्रकाश मात्र या थेंबांहूनही बारीक तरंगलांबीचा, म्हणून तो त्यांच्यावर आदळून विखुरतो. अंधार, समोरून येणारा प्रखर सूर्य, धूळ, यांतले काहीही रडारला फारसे अडवत नाही.

पावसाचा हिशेब थोडा वेगळा आहे, कारण थेंब मिलिमीटरच्या घरात जातात. तासाला 25 मिलिमीटर पडणाऱ्या पावसात या पट्ट्यातली लहर दर किलोमीटरला साधारण 10 डेसिबल क्षीण होते. 150 मीटरवरच्या ट्रकपर्यंत जाऊन परत यायचे तर 300 मीटर, म्हणजे 3 डेसिबल, म्हणजेच निम्मी ताकद गेली. ऐकायला हे भयंकर वाटते. पण रडारचा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने घटतो, त्यामुळे ताकद निम्मी झाली तरी पल्ला साधारण सहाव्या भागानेच आखडतो. पावसापेक्षा बंपरवर साचलेला पाण्याचा पातळ थर किंवा चिखल जास्त त्रास देतो.

आता उणे बाजू. याच लांब तरंगलांबीमुळे रडारची नजर ढोबळ राहते. कोनातला बारकावा तरंगलांबी आणि अँटेनाची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतो. 10 सेंटिमीटर रुंदीच्या रडारला दोन-सव्वादोन अंशांपेक्षा जवळच्या दोन वस्तू वेगळ्या करता येत नाहीत. 100 मीटरवर हे माप जवळपास 4 मीटर होते, म्हणजे महामार्गाच्या एका लेनपेक्षा जास्त. आपल्या लेनमध्ये ट्रक उभा आहे की शेजारच्या, हेच सांगता येत नसेल तर ब्रेक कशाच्या आधारावर लावायचा?

उंचीच्या दिशेत तर जुन्या रडारना जवळजवळ काहीच कळत नसे. डोक्यावरचा पूल, दिशादर्शक फलक, रस्त्यातले लोखंडी झाकण आणि वाटेत बंद पडलेला ट्रक, या सगळ्या त्यांच्या लेखी आपल्याच वेगाने जवळ येणाऱ्या वस्तू. प्रत्येक पुलाखाली गाडी करकचून थांबू लागली तर मागून येणारे आदळतील. म्हणून क्रूझ कंट्रोल घडवणाऱ्यांनी व्यवहारी तोडगा काढला : स्थिर वस्तूंचे प्रतिध्वनी बहुतांशी सोडून द्यायचे. त्या वेळी तो शहाणपणाचा होता. चालक स्टिअरिंगवर होता आणि थांबलेला ट्रक त्याला दिसणारच होता. तोच तोडगा पुढे, चालकाचे लक्ष कमी झालेल्या गाड्यांत, महागात पडला.

दोन अपघात

7 मे 2016 रोजी फ्लोरिडात विलिस्टनजवळ ऑटोपायलट या चालक-साहाय्य प्रणालीवर चाललेली टेस्ला मॉडेल एस महामार्ग आडवा ओलांडणाऱ्या ट्रेलरखाली घुसली आणि चालकाचा मृत्यू झाला. उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर कॅमेऱ्याला पांढरा ट्रेलर वेगळा दिसला नाही, असे कंपनीने सांगितले. मग रडार? डोक्यावरच्या फलकासारखे जे भासते ते खोटे ब्रेक टाळण्यासाठी रडार बाजूला सारते, असा खुलासा टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टेस्लाने रडारला अधिक मान देणारी नवी आज्ञावली जाहीर केली. कोणत्या जागी पूल किंवा फलक आहे, हे गाड्यांच्या ताफ्याकडून शिकून घ्यायची योजना तिच्यात होती. रडारवर एवढा विश्वास टाकणाऱ्या कंपनीनेच पाच वर्षांच्या आत ते काढून टाकले, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा अपघात 18 मार्च 2018 चा, अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी इथला. उबरच्या चाचणी गाडीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात आढळले की, धडकेच्या 5.6 सेकंद आधी रडारला ती महिला दिसली होती. ताशी 70 किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने पाहिले तर हे अंतर शंभर मीटरहून जास्त, म्हणजे थांबायला पुरेसे. पण प्रणाली तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘इतर’ ठरवत राहिली आणि दर वेळी वर्ग बदलला की तिच्या आधीच्या हालचालींची नोंद पुसली जाई. ती कोणत्या दिशेने चालली आहे, हे त्यामुळे शेवटपर्यंत उलगडले नाही. या अपघाताबद्दल बोलताना बहुतेक जण मोबाइलमध्ये गुंतलेल्या सुरक्षा-चालिकेबद्दल बोलतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने ती वर्गवारीची चूक अधिक बोलकी आहे. पहिल्या घटनेत रडारचा इशारा रीतसर वगळला गेला; दुसऱ्या घटनेत तो पोहोचला, पण त्याचा अर्थ लागला नाही.

‘कॅमेरा पुरे’ म्हणणाऱ्यांची बाजू

या बाजूचा पहिला मुद्दा सर्वपरिचित आहे : रस्ते, फलक, सिग्नल हे सगळे डोळ्यांसाठी बांधलेले आहे आणि माणूस दोन डोळ्यांवर गाडी चालवतो. या मुद्द्यात अर्धेच तथ्य आहे, कारण माणसाच्या डोळ्यांमागे मेंदू आहे आणि धुक्यात माणूसही आदळतोच.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार. टेस्लाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता विभागाचे तेव्हाचे प्रमुख आंद्रे कार्पथी यांनी जून 2021 मध्ये संगणकीय दृष्टीच्या परिषदेत प्रत्यक्ष नोंदी दाखवून तो मांडला. पुढच्या गाडीने जोरात ब्रेक लावला तेव्हा रडारचा माग तुटत-जुळत होता; पुलाजवळ रडारच्या चुकीमुळे गाडी विनाकारण मंदावत होती. दोन्ही ठिकाणी फक्त कॅमेऱ्यांवरची नवी प्रणाली सुरळीत चालली. त्यांचे म्हणणे असे की, एक इंद्रिय दुसऱ्यापेक्षा खूप चांगले झाले की कमकुवत इंद्रिय मदत करण्याऐवजी गोंधळ वाढवते आणि त्या गोंधळावर उपाय शोधण्यात अभियंत्यांचे श्रम वाया जातात. दोन सेन्सर भांडले तर जिंकणार कोण, हा मस्क यांनी पुढेही अनेकदा केलेला सवाल याच विचारातून येतो.

या बाजूला पुष्टी देणारी एक गोष्ट कमी सांगितली जाते. रडार काढल्यावर अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने, आयआयएचएसने, मॉडेल 3 चा सर्वोच्च सुरक्षा दर्जा तात्पुरता काढून घेतला होता. कॅमेऱ्यांवरच्या आपत्कालीन ब्रेकची चाचणी झाल्यावर तो परत दिला. मान्य चाचण्यांमध्ये कॅमेरा उणा ठरला नाही.

पुढचा इतिहास मात्र इतका निर्विवाद नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ता सुरक्षा संस्थेने सुमारे 4,16,000 टेस्ला गाड्यांची चौकशी सुरू केली. मोकळ्या रस्त्यावर गाडी अचानक ब्रेक लावते, अशा 354 तक्रारी आल्या होत्या. खोटे ब्रेक रडार असलेल्या गाड्यांतही लागत, त्यामुळे यावरून लगेच निवाडा करता येत नाही. ऑक्टोबर 2024 मधली चौकशी मुद्द्याला अधिक थेट भिडते : सूर्याची तिरीप, धुके किंवा हवेतली धूळ अशा स्थितीत झालेल्या चार अपघातांनंतर सुमारे 24 लाख गाड्या तिच्या कक्षेत आल्या. त्या चारांपैकी एकात पादचारी दगावला होता. नेमक्या याच परिस्थितीत रडार उपयोगी पडते, असे त्याचे समर्थक सांगत आले आहेत.

‘सगळी इंद्रिये हवीत’ म्हणणाऱ्यांची बाजू

वेमो, मर्सिडीझ, मोबिलआय आणि चीनमधल्या बऱ्याच कंपन्या या बाजूला आहेत. त्यांचा युक्तिवाद चुकांच्या स्वतंत्रपणावर उभा आहे. कॅमेरा अंधारात आणि तिरिपीत चुकतो, रडार आकारात चुकते. दोघांच्या चुका वेगवेगळ्या कारणांनी होत असतील तर एकाच क्षणी दोघेही चुकण्याची शक्यता फारच कमी. चालक-साहाय्य यंत्रणा बनवणाऱ्या मोबिलआयचे प्रमुख अम्नोन शाशुआ यांनी हे टोकाला नेले. त्यांच्या रचनेत कॅमेऱ्यांची एक प्रणाली आणि रडार-लायडारची दुसरी, अशा दोन्ही स्वतंत्रपणे गाडी चालवण्याइतक्या सक्षम करायच्या असतात. प्रत्येक प्रणाली दहा हजारांत एकदा चुकत असेल तर दोन्ही मिळून दहा कोटींत एकदा चुकतील, असा गुणाकार त्यामागे आहे.

हा गुणाकार चुका खरोखर स्वतंत्र असतील तरच खरा. चिखल उडाला तर कॅमेरा आणि रडार दोघांवरही उडतो. शिवाय निर्णय घेणारा संगणक आणि त्याला शिकवणारी माणसे एकच असतील, तर टेम्पीसारखी चूक दोन्हीकडे एकदमच शिरते. ‘जास्त सेन्सर म्हणजे जास्त सुरक्षा’ हे समीकरण म्हणूनच आपोआप खरे ठरत नाही.

वेमोच्या निवडी इथे पाहण्यासारख्या आहेत. तिच्या पाचव्या पिढीच्या गाडीवर 29 कॅमेरे, 5 लायडार आणि 6 रडार होती. ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर झालेल्या सहाव्या पिढीत खर्च कमी करण्यासाठी कॅमेरे 13 वर आणि लायडार 4 वर आणली गेली. रडार मात्र 6 च राहिली.

चित्र काढू शकणारे रडार

2021 चा वाद ज्या रडारवर झाला, ते आता जुने होत चालले आहे. सोडणारे आणि ऐकणारे अँटेना वाढवले की त्यांच्या प्रत्येक जोडीची एक आभासी वाहिनी तयार होते. 3 सोडणारे आणि 4 ऐकणारे असतील तर 12. नेहमीच्या मोटार-रडारमध्ये इतक्याच वाहिन्या असत. झेडएफ कंपनीच्या नव्या रडारमध्ये त्या 192 आहेत, तर इस्रायलच्या आर्बे कंपनीने 48 गुणिले 48, म्हणजे 2,304 वाहिन्यांचा चिपसंच आणला. कोनातला बारकावा 1 अंशाच्या आसपास आला आणि मुख्य म्हणजे उंची कळू लागली. पूल आणि ट्रक आता वेगळे दिसू शकतात. अंतर, आडवा कोन, उभा कोन आणि वेग, अशी चार मोजमापे देणारे म्हणून याला चतुर्मितीय रडार म्हणतात. सप्टेंबर 2024 मध्ये मोबिलआयने स्वतःचे पुढच्या पिढीचे लायडार बनवणे थांबवले, तेव्हा सांगितलेल्या कारणांत आपल्या चित्ररडारची प्रगती हेही एक होते.

पण लायडारही थांबलेले नाही. व्हेलोडाइनचे छपरावरचे यंत्र एके काळी 75,000 डॉलरला पडे; चीनच्या हेसाई कंपनीने 200 डॉलरच्या आत लायडार देऊ केले आहे. रडारच्या बाजूने दिला जाणारा स्वस्ताईचा मुद्दा त्यामुळे पातळ झाला. उरले ते हवामान आणि थेट वेग, हे दोन.

अजून न सुटलेले

सर्वांत अवघड गाठ एकत्रीकरणाची आहे. प्रत्येक सेन्सरने आपापला निष्कर्ष काढायचा आणि मग मतमोजणी करायची, की कच्ची मोजमापेच एका चेताजाळ्यात (न्यूरल नेटवर्कमध्ये) ओतायची? पहिल्या पद्धतीत कोण चुकले हे शोधता येते. दुसरीत कामगिरी चांगली मिळण्याची आशा आहे, पण चूक झाली तर ती कुठून आली हे सांगणे कठीण. टेस्लाची तक्रार मुख्यतः पहिल्या पद्धतीच्या एकत्रीकरणाबद्दल होती. दुसऱ्या पद्धतीने, नव्या रडारसह तोच प्रयोग केला तर काय होईल, याचे जाहीर उत्तर उपलब्ध नाही.

याच्याशी जोडलेली अडचण माहितीसाठ्याची. कार्ल्सरूहचा 2012 चा प्रसिद्ध ‘किट्टी’ संच लायडार आणि कॅमेऱ्यांचा. त्यात रडार नाही. संशोधकांची एक पिढी त्यावरच घडली. 2019 च्या ‘न्यूसीन्स’मध्ये पाच रडार होती, पण त्यांची टिपणे विरळ. 2022 मध्ये कोरियाच्या काइस्ट संस्थेने ‘के-रडार’ प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे चतुर्मितीय रडारच्या कच्च्या मोजमापांवर हिमवर्षावात आणि धुक्यात मोकळेपणाने काम करता आले. कॅमेऱ्यांची शिकवणी एवढी पुढे गेलेली असताना रडार मागे वाटते, ते काही प्रमाणात तरी त्याला मिळालेल्या कमी अभ्यासामुळे.

परस्पर-व्यत्ययाचा प्रश्न अजून दबक्या आवाजात बोलला जातो. एकाच पट्ट्यात शेकडो रडार बोलू लागली की खरा प्रतिध्वनी दुसऱ्याच्या लहरीत बुडू शकतो. युरोपीय संघाचा ‘मोझारिम’ प्रकल्प 2010 पासून यावर काम करत होता. उपाय सुचले आहेत, पण सगळ्या कंपन्यांना बांधून घेणारा एकच नियम नाही.

नियामकांनी शहाणपणाने सेन्सरच्या वादात पडायचे टाळले. अमेरिकेच्या एप्रिल 2024 च्या नियमानुसार सप्टेंबर 2029 पर्यंत नव्या छोट्या वाहनांत आपोआप ब्रेक लागलाच पाहिजे आणि रात्री पादचारीही ओळखला पाहिजे. तो रडारने ओळखा की कॅमेऱ्याने, ते सांगितलेले नाही. या तटस्थतेची दुसरी बाजू अशी की, चाचण्या मुख्यतः स्वच्छ हवेत होतात आणि रडारचा खरा कस लागतो तो धुक्यात.

आपल्याकडे

भारतात हा वाद चालकविरहित टॅक्सीचा नाही, चालकाला मदत करणाऱ्या ‘एडास’चा आहे. चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या महिंद्रा एक्सयूव्ही 700 मध्ये 2021 मध्येच रडार आणि कॅमेरा एकत्र आले. होंडाने ‘सिटी’ या गाडीत फक्त कॅमेऱ्यावर भागवले. म्हणजे दोन्ही पंथ इथेही आहेतच. रडारच्या दृष्टीने आपला रस्ता अवघड आहे : दुचाकी आणि माणूस यांचा प्रतिध्वनी मोटारीच्या तुलनेत फार क्षीण असतो आणि त्या दोघांचीच आपल्याकडे गर्दी. डाव्या बाजूने अचानक आत शिरणारी स्कूटर अरुंद पल्लेदार झोतात उशिरा येते. उलट, पावसाळ्यात खंडाळ्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात धुके उतरते तेव्हा पुढच्या ट्रकचा वेग थेट सांगणारे दुसरे साधन गाडीत नसते.

आजवरच्या पुराव्यावरून मला इतके म्हणता येते : स्टिअरिंगवर जागा माणूस असेल तोवर कॅमेऱ्यावर भागू शकते, पण ज्या गाडीत पाहणारे दुसरे कोणीच नाही तिच्यातून रडार काढण्याइतका आधार अजून कोणी जाहीरपणे दाखवलेला नाही.

तोवर ज्यांच्या गाडीत रडार आहे त्यांनी ते नेमके कुठे आहे, हे माहितीपुस्तिकेत पाहून ठेवावे; बहुधा ते पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमध्ये असते. त्यावर चिखल साचू देऊ नका, स्टिकर लावू नका, बंपर रंगवताना किंवा बदलताना कारागिराला आधी सांगा. आणि पुढे लोखंडी गार्ड बसवू नका. केंद्र सरकारने 2017 मध्येच त्यावर बंदी घातली आहे. शिवाय तो नेमका रडारच्या समोर आला तर रडारला रस्त्याआधी तोच दिसतो.